बाहेरून लावलेली कडी

माझ्या भावाच्या मोबाइलमध्ये आईचा एक फोटो आहे. दर मातृदिनाला तो स्टेटसला ठेवतो, खाली जोडलेल्या हातांची चिन्हं टाकतो आणि लिहितो, 'आई हेच माझं दैवत.' फोटोतली आई नव्या घराच्या ओट्यावर खुर्चीत बसली आहे, डोक्यावरून पदर, हातात फुलांची परडी. तो वास्तुशांतीचा दिवस. त्यानंतर त्या ओट्यावर तिला एकदा जरी बसू दिलं असेल, तर मी माझं नाव बदलीन.

माझं नाव संगिता. माहेर साखऱ्याच्या पुढचा बंजारा तांडा, सासर वसमतकडचं. मी आशाताईचं काम करते. गावातल्या बाळंतिणी, लेकरं, म्हातारी माणसं, सगळ्यांच्या दारी जाऊन 'औषध घेतलं का, जेवलात का' विचारत फिरते. आणि माझी स्वतःची आई, जमनाबाई, शेळ्यांच्या छपरात पडलेली. लोकांच्या सासवांचा रक्तदाब मोजताना मला स्वतःचीच चीड यायची.

घर कुणाचं ते आधी सांगते, कारण सगळी भानगड तिथंच आहे. आमचे वडील, देवला नाव त्यांचं, वारले आणि मग सरकारी घरकुल मंजूर झालं ते आईच्या नावावर. जागाही तिच्याच नावावर. भिंती उभ्या राहताना डोक्यावर विटा तिनं वाहिल्या, पाणी तिनं मारलं. माझा धाकटा भाऊ जगन लिंबाच्या सावलीत उभा राहून मिस्त्रीला हुकूम सोडत होता. घर पुरं झालं, रंग लागला, टीव्ही आला आणि आईची बाज मागच्या छपरात गेली. आधी जगन म्हणाला, फरशीवर तिचे गुडघे दुखतात. मग म्हणाला, तिच्या खोकल्याचा लेकरांना त्रास होतो. पुढं त्यानं कारणं द्यायचंही सोडून दिलं.

मी एकदा जाऊन भांडले. त्याची बायको शितल दारात उभी राहिली, बाजूला झाली नाही. जगन मागून ओरडला, "तू लेक हायेस, दिल्या घरची. तुझा डोळा हाय घरावर. पुन्हा पाय ठेवू नको इकडं." त्यानंतर मला तांड्यात येणं बंद. फोन केला तर आई झोपली आहे, आई शेतात गेली आहे, आईला ऐकू येत नाही. माझ्या आईला दोन घरांपलीकडचं भांडण शब्दन्‌शब्द ऐकू येतं.

खरं काय ते मला वसरामकाकांनी सांगितलं. काका म्हणजे वडिलांचे दोस्त, घर आमच्या शेजारी. ते म्हणाले, "पोरी, हे दोघं कामाला गेले की छपराला भायेरून कडी लावून जातात. म्या इचारलं काहून लावतो, तर म्हणतो, म्हातारी भटकती, हरवंल." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच तांड्यात सगळी हयात काढलेली बाई कुठं हरवणार? ती हरवत नव्हती, ती लोकांच्या ओट्यावर बसून बोलत होती. ते याला नको होतं.

आमच्या एका प्रशिक्षणात आई-वडिलांच्या कायद्याबद्दल सांगितलं होतं. पोरं सांभाळत नसतील तर उपविभागीय अधिकाऱ्यांपुढं अर्ज करता येतो, आईच्या नावचं घर पोराकडून मोकळं करून मागता येतं, वकील लागत नाही. तेव्हा मी ते कान देऊन ऐकलं होतं. पण अर्जावर आईचा अंगठा हवा होता आणि आई कडीच्या आत. तरी एक बरं होतं. महिन्यातून एकदा जगनला आई लागायची. रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा उमटल्याशिवाय धान्य मिळत नाही, म्हणून तेवढ्या दिवशी तिला आंघोळ, धुतलेली साडी आणि मोटारसायकलवर मागची जागा. अंगठ्यापुरती आई! त्याच रांगेत, जगन पोतं बांधत असताना, वसरामकाकांनी मी लिहून दिलेला अर्ज तिला वाचून दाखवला आणि तिचा अंगठा घेतला. तिनं एवढंच विचारलं, "माझं घर मला भेटंल का?" काका हो म्हणाले.

नोटीस पोचली आणि जगनची झोप उडाली. कार्यालयातून दोन माणसं चौकशीला तांड्यात येणार होती. ती येण्याच्या सकाळी आईची बाज पुढच्या खोलीत आली. पंखा, नवी चादर, उशाशी औषधाच्या बाटल्या. छपर झाडून त्यात सरपण रचलं. एवढी तयारी त्यानं स्वतःच्या लग्नात केली नव्हती.

पण खरा घात माझ्या आईनंच केला. माणसं ओट्यावर आली तशी ती उठली, पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाली, शितलला चहा टाकायला सांगितलं. त्यांनी विचारलं, "आजी, मुलगा नीट सांभाळतो का?" आणि आईनं पाव्हण्यांपुढं घराची अब्रू झाकली. म्हणाली, "बराबर सांभाळतो. लेकरू माझं गुणाचं हाय." वर त्यांना जेवून जायचा आग्रह केला. त्यांनी ते लिहून घेतलं. त्यांची काय चूक? माणसं गेली आणि संध्याकाळच्या आत बाज पुन्हा छपरात. काकांनी फोनवर हे सांगितलं तेव्हा मी फोन भिंतीवर फेकायचा तेवढा बाकी ठेवला होता. आईवरसुद्धा मला इतका राग आला की दोन घास गिळवेनात. दारात आलेल्याचा मान ठेवायचा, हे आमच्या हाडात मुरलं आहे. घरात कोंडलेल्या बाईनं कोंडणाऱ्याची अब्रू राखावी, इतकं मुरलं आहे.

आता माझ्या आईबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्यात बायका खूप दिवसांनी भेटल्या की एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात. नुसतं रडत नाहीत, रडता रडता गातात. त्या गाण्यात सगळं सांगायचं असतं, कोण गेलं, कोण आजारी होतं, कुणी छळलं, कुणी जीव लावला. लग्नातली नवरीसुद्धा असंच गाऊन रडते आणि तिला ते आधी शिकवावं लागतं. आमच्या तांड्यातल्या कितीतरी नवरीमुलींना हे रडणं माझ्या आईनं शिकवलं आहे. मलाही तिनंच शिकवलं. सूर चुकला तर हसायची, पण एका गोष्टीवर फार कडक. "सासरी खोटं बोलावं लागंल, पाव्हण्यांपुढं बोलावं लागंल," म्हणायची, "पण गळ्यात पडून रडताना खोटं बोलायचं न्हाई. तेवढी एकच जागा बाईची हाय."

सुनावणीच्या दिवशी मी वसरामकाकांबरोबर कार्यालयाच्या व्हरांड्यात उभी होते. जगन आईला घेऊन आला, एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला शितल, मधे आई. आई केवढीशी झाली होती. तिनं मला पाहिलं, हात पसरले, मीही पुढं झाले, तेवढ्यात आतला कारकून बाहेर आला. "इथं रडारड नको. चला, मॅडमनी बोलावलंय." जगननं तिचा दंड धरला आणि आत नेलं. आमचे हात तसेच राहिले.

अधिकारी मॅडम शांत बाई होत्या, घाई करत नव्हत्या. त्यांनी चौकशीचा अहवाल वाचला, मला बोलायला सांगितलं. मी छपर सांगितलं, कडी सांगितली. बोलताना माझा आवाज चढला. जगन खुर्चीच्या कडेला नम्रपणे बसून होता, हात जोडून. मोबाइल काढून त्यानं मॅडमला तो ओट्यावरचा फोटो दाखवला. "मॅडम, ही माझी मोठी बहीण हाय, मी तिचा मान ठेवतो. पण तिला घर पाहिजे. म्हातारीला भरवून दिलं हिनं. आई आमच्यात लई सुखात हाय." त्याच्या त्या जोडलेल्या हातांकडं पाहून माझं पित्त खवळलं.

मॅडमनी जगन आणि शितलला बाहेर पाठवलं. मग आईला म्हणाल्या, "आजी, आता ते दोघं इथं नाहीत. घाबरू नका. कुठं झोपता तुम्ही?"

आईनं टेबलाकडं पाहिलं, भिंतीवरच्या फोटोंकडं पाहिलं, पंख्याकडं पाहिलं.

"बरं हाय," ती म्हणाली.

"तुम्हाला बाहेरून कडी लावतात का?"

"पोरगं हाय माझं, मॅडम. परक्यापुढं काय बोलू?"

"याडी!" मी ओरडले. आम्ही आईला याडी म्हणतो. "बोल ना! घर पाहिजे म्हणून अंगठा दिलास ना तू?" मॅडमनी मला हातानं थांबवलं. त्यांनी आणखी दोन-तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलं. आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि मान हलवत राहिली. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्या सांगत नाहीत ते मी कसं लिहू? पुढची तारीख देते. तेव्हाही हेच म्हणाल्या, तर प्रकरण बंद करावं लागेल."

बाहेर आलो. जगन व्हरांड्यात उभा होता. आमच्या तोंडाकडं बघूनच त्याला कळलं. तो हसला. फार नाही, ओठाच्या एका कोपऱ्यातून. "झालं समाधान? चल, याडी."

पण आता आमच्या मधे कुणी नव्हतं. आईनं हात पसरले आणि माझ्या गळ्यात पडली.

आधी नुसता हुंदका आला. मग तिचा सूर लागला, तोच, तिनं मला शिकवलेला. आमच्या बोलीत, गोरमाटीत, ती गाऊ लागली. माझं घर, त्याच्या विटा मी वाहिल्या, त्याच्या दाराशी मी परकी. उन्हाळ्यात पत्रा तापला, शेळीनं माझं पाणी सांडलं, कडी बाहेरून, कुणाला हाक मारू. माझी भाकर शेळीनं खाल्ली, मी शेळीशी भांडले, बोलायला दुसरं कुणी नव्हतं. मीही तिच्या सुरात सूर मिसळून रडत होते. रीतच तशी आहे, समोरची रडत असेल तर आपण मधे तोडायचं नाही, मधे बोलायचं नाही. सगळं कार्यालय बाहेर आलं. कारकून "अहो बाई, अहो बाई" करत राहिला. मॅडमही दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय म्हणताहेत त्या?" त्यांनी विचारलं.

मी आईच्या गळ्यात होते, मला बोलता येईना. वसरामकाका तोंड उघडणार तेवढ्यात जगन पुढं झाला. त्याच्या तोंडावर आता ते हसू नव्हतं, पण जीभ तयार होती.

"काही न्हाई, मॅडम. आमच्या समाजाची रीत हाय ही. बाया भेटल्या की रडतात. माझे वडील वारले ना, त्यांची आठवण काढून राहिली."

आई थांबली. एकदम, सुराच्या मधेच. मी तिला असं थांबताना कधी पाहिलं नव्हतं. तिला मराठी चांगलं कळतं, हे जगन त्या घाईत विसरला. तिनं माझ्या खांद्यावरचं डोकं उचललं. डोळे ओलेच होते, पण त्यातली म्हातारी निघून गेली होती. इतके दिवस छपरात राहिली, गप्प राहिली. शेळ्यांबरोबर झोपली, गप्प राहिली. पण बाईच्या त्या एकाच जागेत त्यानं खोटं घुसवलं, आणि तेही बापाच्या नावानं.

ती वळली आणि जगनच्या गळ्यात पडली.

जगन दचकला. मागं सरकायला पाहिलं, तर मागं भिंत. सगळ्यांदेखत आईला ढकलायचं कसं? इतका मातृभक्त! तिनं दोन्ही हातांनी त्याची मान आवळून धरली आणि पुन्हा गायला लागली. पण आता मराठीत. आमच्या रडण्यात मी मराठी शब्द जन्मात ऐकले नव्हते. तिनं ते जोडून जोडून, अडखळत, मॅडमला कळावं म्हणून आणले.

"जगन्या रं माझ्या लेकरा, घर माझ्या नावाचं रं,
आन्‌ म्या झोपते शेळ्यांत रं.
पाव्हणे आले तवा बाज घरात रं,
पाव्हणे गेले की बाज छपरात रं.
दिसा-राती भायेरून कडी लावतो रं,
म्या आतून हाक मारते, तू टीवी मोठा करतो रं.
तुझ्या बापाचं नाव घेऊ नको रं,
तुझा बाप माझ्या हातचं पाणी पेल्याबिगर घराभायेर पडला न्हाई रं."

जगनची मान लाल झाली होती. तो आईचे हात सोडवत होता आणि ते सुटत नव्हते. घामानं डबडबून तो अखेर मराठीतच ओरडला, "अगं सोड ना! कडी तुझ्यासाठी लावतो का? शेळ्यांसाठी लावतो! शेळ्या पळून जातात म्हणून लावतो!"

आईनं हात काढून घेतले.

मॅडम दारातून म्हणाल्या, "म्हणजे त्या आत असताना कडी लावता."

शितलनं कपाळाला हात लावला. माझ्या मनात आलं, टाळ्या वाजवाव्यात. नंतर वाटलं, टाळ्या कसल्या, त्याच्या एक कानाखाली ठेवावी. दोन्ही केलं नाही, पण दोन्हीचं सुख झालं.

सगळ्यांना पुन्हा आत बोलावलं. जगननं आत्ताच काय म्हटलं ते त्याच्यासमोर लिहून घेतलं, त्यानं सही केली. आईनं या वेळी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं, बसून, कोरड्या डोळ्यांनी. शेवटी मॅडमनी विचारलं, "आजी, तुम्हाला नेमकं काय हवंय? खर्चाला पैसे, औषधपाणी?"

"पैसे काय करू? मला माझं दार पाहिजे," आई म्हणाली. "आतून लावायचं."

मी तिला तिथूनच वसमतला माझ्या घरी नेलं. निकाल यायला वेळ लागला, पण आला. घर जमनाबाईचं, जगननं आणि त्याच्या कुटुंबानं ते मोकळं करून द्यायचं. जगन महिनाभर सगळ्यांना सांगत फिरला की वर जाईन, मोठ्या कोर्टात जाईन, बहिणीनं घर फोडलं. तांड्यातल्या काही शहाण्यांनी मलाच फोन करून सुनावलं की घरातलं भांडण कचेरीत नेऊन तू समाजाची मान खाली घातलीस. मी प्रत्येकाला एकच विचारलं, कडी लावली होती तेव्हा समाजाची मान कुठं होती? मग फोन येणं बंद झालं. लेकरं उघड्यावर येतील म्हणून कुणी गळा काढायचं कारण नव्हतं. शेतात जगनची पक्की खोली आहे, लाइट आहे, बोअर आहे. आईला तिथं नेऊन टाकायचा त्याचा विचार होता, तेव्हा तो सगळ्यांना सांगायचा, 'एक नंबर खोली हाय.' आता राहा म्हणावं एक नंबर खोलीत.

घर मोकळं करायच्या दिवशी पोलीस पाटील आले होते, वसरामकाका होते, मी होते. टेम्पोत टीव्ही चढला, कपाट चढलं, शेळ्या चढल्या. नातवंडांना आईनं जवळ घेतलं, त्यांच्या खिशात शेंगदाणे भरले, कधीही या म्हणाली. शितल मान खाली घालून टेम्पोत बसली. जगन मात्र ओट्यावर रेंगाळत राहिला. मला ओळखू येत होतं तो कशाची वाट पाहतोय. आई आजवर प्रत्येक वेळी विरघळली होती. त्याला वाटत होतं, आताही म्हणेल, जाऊ दे रे, राहा.

"याडी," तो आमच्या बोलीत म्हणाला, आवाज लहान करून. "तहान लागली."

आई आत गेली. मला वाटलं, झालं, आता ही रडणार, आणि एवढं सगळं पाण्यात जाणार.

ती तांब्या घेऊन आली. उंबऱ्याच्या आत उभी राहिली, डोक्यावरचा पदर नीट केला, तांब्या पुढं केला आणि मराठीत म्हणाली, "घ्या, पाव्हणं. पाणी घ्या."

कचेरीतलं ते रडणं सोडलं, तर पोटच्या पोराशी माझी आई त्या दिवशी पहिल्यांदा मराठीत बोलली. जगननं तांब्या घेतला. उभ्यानंच घटाघटा प्यायला, अर्धं पाणी शर्टावर सांडलं. त्यानं तिच्याकडं पाहिलं, ती त्याच्याकडं पाहत होती, चौकशीला आलेल्या त्या दोन माणसांकडं पाहिलं होतं तसंच, आदरानं.

"बसता का, चहा टाकू?" तिनं विचारलं.

"न्हाई," जगन म्हणाला. "येतो."

"बरं. या."

तिनं रिकामा तांब्या घेतला, दार लावलं आणि आतून कडी घातली. टेम्पो चालू झाला, धूळ उडवत खाली रस्त्याला लागला. मी ओट्यावर एकटीच उभी होते. तिच्या ते ध्यानातच नव्हतं की मीही बाहेर राहिले आहे.

मी दार वाजवलं. आतून आमच्या बोलीत आवाज आला, "कोण?" मी नाव सांगितलं, मग तिनं कडी काढली.